तानाबाईची माती आणि हवाई अंतर

होटगी रस्त्यावरचं विमानतळ सोलापूरकरांनी कित्येक वर्षं विमानाशिवायच सांभाळलं. लोकांना त्याची इतकी सवय झाली होती, की एके दिवशी तिथून खरोखरच गोव्याचं विमान उडालं तेव्हा गावाला आनंद झाला, पण थोडं चुकल्यासारखंही वाटलं. तक्रारीचा एक जुना, भरवशाचा विषय हातातून गेला होता. मग विमान रोज का नाही, हा नवा विषय मिळाला आणि गाव पूर्वपदावर आलं.

तानाबाईला यातल्या कशाशीच देणंघेणं नव्हतं. ती मूळची सांगोल्याच्या दक्षिणेला, जतच्या हद्दीला टेकलेल्या एका वाडीतली. उभा जन्म मेंढरांमागं गेलेला. नवरा वारला, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा तिनं मेंढरं विकली आणि जुळे सोलापुरात मुलाच्या फ्लॅटवर राहायला आली. मुलगा बिरुदेव पाटबंधारे खात्यात कारकून. आमच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. येताना तिनं दोन घोंगडी, एक काठी आणि एक मेंढी आणली. घोंगड्यांबद्दल सोसायटीचं काही म्हणणं नव्हतं.

मेंढी पार्किंगमध्ये बांधली जाई. सोसायटीनं सभा घेतली, ठराव केला आणि तो वाचून दाखवायला चिटणीस स्वतः वर गेले. तानाबाईनं तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग म्हणाली, "तुमची गाडी धूर सोडती, माजी मेंढी लेंड्या टाकती. लेंडी झाडाला तरी घालता येती. धूर कुटं घालनार?"

चिटणीसांनी खाली येऊन ठरावाची अंमलबजावणी पुढच्या सभेवर ढकलली. पुढची सभा माणसं न जमल्यानं झाली नाही. मेंढी पुढं म्हातारपणानं मेली. सोसायटीच्या जास्वंदी आजही तिच्या पुण्याईवर फुलतात, पण तसा ठराव कुणी केलेला नाही.

अशा बाईच्या घरी लग्नाचा प्रश्न निघाला.

नात सुकन्या. बिरुदेवाची एकुलती एक. औषधनिर्माणाचं शिकलेली, बोलायला मऊ, पण आजीचं रक्त. कॉलेजात तिच्या वरच्या वर्गात माउली नावाचा मुलगा होता. जत तालुक्यातला, यांच्यातलाच, ओळखीतल्या घरचा. तो आता गोव्यातल्या एका औषधाच्या कारखान्यात नोकरीला होता. सुकन्येलाही तिथंच काम मिळण्यासारखं होतं. दोघांनी ठरवलं, घरच्यांना सांगितलं. घरच्यांनी शोधूनही अडचण सापडेना. बिरुदेवाची बायको रुपाली तर म्हणाली, की एवढं सरळ लग्न आपल्या घराण्यात झालेलंच नाही, काहीतरी निघणार.

निघालं ते अंतर.

तानाबाईच्या भावकीत एक नियम आहे. तो कुणी लिहून ठेवलेला नाही, त्यामुळं तो कुणाला बदलताही येत नाही. घरात माणूस गेलं की लेकीनं येऊन मयताच्या तोंडात पाणी घालायचं. ते घातल्याशिवाय माती उचलायची नाही. म्हणून लेक द्यायची ती एवढ्याच अंतरावर, की सकाळी सांगावा गेला तर दिवस कलायच्या आत ती माहेरच्या उंबऱ्यात पोचली पाहिजे. लोक पायी चालत होते तेव्हा ही हद्द शेजारच्या वाडीपर्यंत होती. बैलगाडीनं ती थोडी लांबली, एस्टीनं आणखी लांबली, आणि मोटरसायकली आल्या तेव्हा पार अकलूजपर्यंत जाऊन थांबली. अकलूजच्या पलीकडं जग आहे हे भावकीला मान्य होतं. तिथं लेक द्यावी असं मात्र कुणाला वाटलं नव्हतं. तानाबाईला मुलगी नाही. तेव्हा नातीचं पाणी तेच लेकीचं पाणी, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं.

आणि हा नियम सांभाळायला धुळाप्पा होता. तानाबाईचा धाकटा दीर, आता वाडीतला सगळ्यात वडील माणूस. लग्नात पहिली हळद तो लावतो. त्यानं लावली तर भावकी जेवायला येते, नाही लावली तर मांडवात नवरा-नवरी आणि फोटोवाला एवढेच उरतात. बिरुदेव खात्यातल्या कार्यकारी अभियंत्याला भीत नसे, पण धुळाप्पा तात्याचा फोन आला की उभा राहून बोले.

धुळाप्पा रविवारी सकाळच्या एस्टीनं आला. सोफा सोडून भिंतीला टेकून खाली बसला. चहा बशीत ओतला.

"पोरगा कसा हाय?"

"चांगला हाय तात्या," बिरुदेव म्हणाला. "आपल्यातलाच. घर तुमी बघितल्यालं हाय."

"मंग अडचण काय?"

"अडचण काय न्हाय."

"मंग मला कशाला बोलिवलं?"

"त्यो गोव्याला असतो."

धुळाप्पानं बशी खाली ठेवली. "गोवा म्हंजे जिमीन संपती तितं?"

"व्हय तात्या."

"मंग न्हाय," धुळाप्पा म्हणाला आणि बशी परत उचलली. त्याच्या दृष्टीनं बैठक संपली होती.

सुकन्या आतून फोन घेऊन आली. तिनं तयारी केली होती. "आबा, लांब नाही ते. हवाई अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. विमानानं तासाभराचा रस्ता."

"हवाई अंतर म्हंजे?"

"सरळ अंतर. मधले घाट, वळणं धरायची नाहीत. इथनं तिथंपर्यंत दोरी ताणली तर."

"दोरीवरनं कोन जातंय पोरी? डोंबारी." धुळाप्पानं मिशी पुसली. "बरं, ह्ये इमान रोज असतं व्हय?"

"रोज नाही. आठवड्यातनं काही दिवस."

"म्हंजे वैनीनं वार बघून मरायचं."

तानाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "मरंन की वार बघून," ती म्हणाली. "तुजं काय जातंय? तू तर बिनकामाचा. कवाबी ये."

बिरुदेवाला हसू आलं, पण त्यानं ते चहात बुडवलं.

"चेष्टा न्हाय वैनी ही. भावकीचा सवाल हाय."

"म्या कुटं चेष्टा केली?" तानाबाई येऊन त्याच्यासमोर बसली. ती या घराण्यात लग्न होऊन आली तेव्हा धुळाप्पा नाकातलं बाहीला पुसत हिंडत होता. ते नाक पुढं तिनंच पुसलं. त्यामुळं भावकीत त्याला अरे-तुरे करणारं हे एकच माणूस उरलं होतं. "हे बग. सकाळी ह्यो उंबरा सोडते. दिवस कलायच्या आत त्या पोराच्या उंबऱ्यावर जाऊन बसते. जायाला जेवडं, तेवडंच यायाला. बसले, तर हळद तू लावायची."

"आन न्हाई बसलीस तर?"

"तर तुजं खरं."

"आन तू कवा पोचलीस ह्ये मला कळायचं कसं? पोरगी म्हनंल ते खरं धरू?"

"तू ये की संगं."

धुळाप्पा आयुष्यात चिंचेच्या झाडापेक्षा उंच गेला नव्हता, आणि त्या झाडावरूनही पडला होता. पण नाही म्हणावं तर भीती दिसते, आणि भावकीच्या प्रमुखाला बाकी काहीही परवडतं, हे परवडत नाही.

"येतो की," तो म्हणाला. "भितो व्हय मी कुनाला?"

श्रावणातला एक दिवस ठरला. बिरुदेवानं तिघांची तिकिटं काढली: तानाबाई, धुळाप्पा आणि सोबतीला सुकन्या. उजाडता उजाडता तानाबाईनं उंबऱ्याला हात लावला, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि लिफ्टकडं न बघता जिना उतरली. धुळाप्पानं नवा फेटा बांधला होता. इमारतीतली चारपाच बिऱ्हाडं गॅलरीत उभी होती. विमान अनेकांनी पाहिलं होतं, धुळाप्पाला विमानात जाताना कुणी पाहिलं नव्हतं.

विमानतळावर पहिली चकमक अडकित्त्यावरून झडली. तपासणीच्या मुलीनं तो चंचीतून काढून बाजूला ठेवला.

"ह्यानं सुपारीबिगर दुसरं कुनी मेल्यालं ऐकलंईस का बाई?" धुळाप्पानं विचारलं.

तिनं नियम आहे असं सांगितलं. नियम म्हटल्यावर धुळाप्पाचा आवाज खाली आला. नियमाचा मान तोही ठेवून होता.

मग घोंगडं यंत्रातून गेलं आणि तिनं ते दुसऱ्यांदा पाठवलं. "आज्जी, हे काय आहे?"

"मेंढराचा अंगरखा," तानाबाई म्हणाली. "त्येनं घालून झाला, आता म्या घालते."

आत खुर्च्या होत्या, थंड हवा होती, काचेची मोठी भिंत होती आणि भिंतीपलीकडं मोकळी धावपट्टी. विमान मात्र नव्हतं. गोव्याकडं ढग खाली आले होते, त्यामुळं विमान तिकडूनच निघालं नव्हतं. थोड्या वेळानं कळवू, असं ध्वनिक्षेपकावरून सांगितलं गेलं. थोड्या वेळानं तेच परत सांगितलं गेलं. सांगणाऱ्या बाईचा आवाज फार गोड होता. बातमीत फरक पडत नव्हता.

सोलापुरात लख्ख ऊन होतं. सुकन्या फोनवर ढग बघत होती. धुळाप्पा काचेतून सूर्य बघत होता. सुरुवातीला तो खुशीत होता. दर वेळी घोषणा झाली की मिशीतल्या मिशीत हसे. पण ऊन डोक्यावर यायला लागलं तशी त्याची खुशी आंबली. जिंकण्यातही बसून राहावं लागतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यात सुपारी नाही.

शेवटी काचेबाहेरच्या खांबाची सावली दुसऱ्या अंगाला पडली. त्यानं बोट दाखवलं. "कलला दिवस."

तानाबाईनं पाहिलं. "कलला."

"हारलीस वैनी."

"हारले."

सुकन्येनं फोन खाली ठेवला. तिचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. एवढ्या परक्या माणसांत रडणं तिच्या आजीला खपलं नसतं.

तानाबाई धुळाप्पाकडं न बघताच म्हणाली, "माजी आय गेली तवा सायकलवर मला हुडकायला तूच आला हुतास."

धुळाप्पा सावरून बसला. हा विषय त्यांच्यात एवढ्या वर्षांत निघाला नव्हता.

"मला कुटं दिली हुती?" तानाबाई म्हणाली. "पल्याडच्याच वाडीत की. म्हायेरचं कुत्रं भुकलं तर सासरी ऐकू यायचं. भावकीनं दोरी लावून अंतर मोजलं असतं तरी त्याहून जवळ सापडलं नसतं. पन त्या साली मेंढरं इजापुराच्या पार तिकडं, काळ्या रानात. आन म्या मेंढरामागं."

"म्या लई हुडकलं वैनी," धुळाप्पा हळू आवाजात म्हणाला. "ज्येला इचारावं त्यो कानडीत बोलायचा. एक म्हनायचा हिकडं गेली, दुसरा म्हनायचा तिकडं."

"हुडकलंस की. तुला कुनी बोल लावला? मला लावला."

सुकन्या ऐकत होती. आजीनं हे तिला कधी सांगितलं नव्हतं. पुढं आमच्यापर्यंत आलं ते तिच्याकडूनच.

चैत्राचं ऊन होतं. तानाबाईच्या आईला अंगणात लिंबाच्या पाल्यावर ठेवलं होतं. माणसं रस्त्याकडं डोळे लावून बसली होती. लेक आज येईल, उद्या येईल. मयत थांबलं म्हणजे काय होतं ते तिथं असलेल्यांनी पाहिलं, आणि पाहिलं ते विसरले नाहीत. अखेर नाइलाजानं माती दिली. तानाबाई आली तेव्हा अंगण सारवून झालेलं होतं. तिला कुणी रागावलं नाही. पण त्यानंतर वाडीत ज्या ज्या घरी माणूस गेलं, त्या त्या घरी कुणीतरी म्हणायचंच, की लवकर उरका, तानीच्या आईवानी ताटकळायला नको.

"आय मेली ह्येचं मला दुक न्हाय," तानाबाई म्हणाली. "समद्यांचीच मरती. आय माज्यासाटी थांबली, ह्ये मला अजून खातंय. कुनी सांगितलं हुतं तिला थांबवायला? मेलेल्या बाईला इचारलं हुतं?"

धुळाप्पानं फेटा काढून मांडीवर ठेवला.

तेवढ्यात धावपट्टीवर विमान उतरलं. छोटंसं, दोन्ही पंखांना पंखे लावलेलं. खुर्च्यांमधली माणसं उठली. तानाबाईही उठली.

"कुटं निगालीस?" धुळाप्पा दचकला.

"गोव्याला."

"अगं पन हारलीस न्हवं? आता जाऊन काय करनार?"

"हारले म्हनून घरी बसू? माजं त्या पोरासंगं काम हाय. तू भीत असशील तर बिरुदेव ईल तुला न्यायला."

धुळाप्पानं फेटा घाईघाईनं डोक्यावर ठेवला. तो नीट बसला नाही, पण बांधायला वेळ नव्हता.

उड्डाणाबद्दल धुळाप्पाचं मत विचारू नये. त्यानं डोळे मिटले आणि बिरोबाचं नाव घ्यायला सुरुवात केली. सारी वाट ते थांबलं नाही. तानाबाई खिडकीशी होती. खाली सपाट, तांबूस-काळी जमीन सरकत होती, मध्येच पाण्याचा एखादा तुकडा चमकत होता. सुकन्येनं नकाशा काढून ठेवला होता. "आज्जी, हा आपला भाग असावा. जतच्या आसपासचा."

तानाबाईनं कपाळ काचेला टेकवलं. हा सगळा मुलूख तिनं मेंढरांमागं पायाखाली घातला होता. दिवाळीला निघायचं, शिमगा झाला तरी परतायचं नाही. त्या वाटांवर तिचं एक मूल झालं होतं आणि एक गेलं होतं. विमानातल्या पोरीनं पाणी पुढं केलं, तानाबाईनं ते घेतलं, आणि परत खिडकीकडं बघेपर्यंत तो मुलूख मागं पडला होता.

सुकन्येला वाटलं, आजी आता भारावून काहीतरी बोलेल. आजी चिडली होती.

"एवडंसंच हुतं व्हय हे?" ती म्हणाली. "आन मला जलमभर पळिवलं!"

गोव्यात उतरल्यावर हवाई अंतराचा खरा स्वभाव कळला. ते अंतर विमानतळापासून विमानतळापर्यंतचं असतं. माउली गोव्याच्या दुसऱ्या अंगाला राहत होता, आणि आभाळातून यायला जेवढा वेळ लागला त्याहून जास्त वेळ टॅक्सीनं घेतला. नकाशावर दोरी ताणणाऱ्यांनी हा भाग धरलेला नव्हता. धुळाप्पाच्या अंगात मात्र जमिनीला पाय लागताच जीव आला होता. "ह्ये अंतर कोनाच्या खात्यात धरायचं?" तो दर वळणावर विचारत होता.

ते पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. माउली दारातच उभा होता. दोन खोल्यांचं भाड्याचं घर. मुलगा कामावरून दुपारीच येऊन, अंघोळ करून, शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून न बसता वाट बघत होता. दुपारपासून त्यानं तीनदा भात टाकला होता. त्यानं दोघांच्या पायांना हात लावला आणि तांब्या-पेला आणला.

धुळाप्पानं पेला घेतला, पण तोंडाला लावला नाही. सोयरीक जिथं नाकारायची, तिथलं पाणी घशाखाली उतरवायचं नाही. हे माउलीलाही माहीत होतं. त्याचा चेहरा उतरला. सुकन्या भिंतीकडं बघत उभी राहिली.

"पोरा, तू चांगला हाईस," धुळाप्पा म्हणाला. त्याच्या आवाजात दुष्टावा नव्हता, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. "पन सकाळी उंबरा सोडला, आन आता कुटं हितं आलोय. उद्या वैनी गेली, तर माती किती थांबवायची?"

"माती कुनाची?" तानाबाईनं विचारलं.

"आं?"

"माती कुनाची म्हनते म्या. तुजी का माजी?"

"तुजी."

"मंग ती थांबायची का न्हाय, ह्ये म्या ठरवनार. तू कोन?"

तिनं खांद्यावरचं घोंगडं काढून फरशीवर अंथरलं. दक्षिणेकडं पाय करून त्यावर उताणी झोपली. पदर सारखा केला, हात छातीवर घेतले. माउलीला वाटलं प्रवासानं चक्कर आली, तो पंखा मोठा करायला धावला.

"सुकन्ये," तानाबाई डोळे मिटून म्हणाली. "त्या धुळाप्पाच्या हातातला पेला घे. तसाबी त्यो पीत न्हाय. पाज मला."

सुकन्येला कळलं. तिचा हात पुढं होईना. "आज्जी, असलं नको गं."

"वैनी, ऊठ!" धुळाप्पा ओरडला. "ह्ये मयताचं काम हाय! जित्या मानसाला कुनी पाजतं व्हय?"

"मेलेल्याला तान लागती व्हय?" तानाबाईनं एक डोळा उघडला. "सकाळधरनं हिंडतीया, माजा घसा वाळलाय. म्या मेल्यावर गालावरनं वघळायचं पानी आता पोटात तरी जाईल. पाज पोरी. का तूबी ह्येच्यासारकी दिवस बगत बसनार हाईस?"

सुकन्येनं धुळाप्पाच्या हातातून पेला घेतला. घोंगड्याशेजारी बसली. पाणी घालताना थोडं हनुवटीवरून मानेत गेलं. तानाबाईनं बाकीचं नीट, आवाज करून गिळलं.

मग उठून बसली आणि पदरानं तोंड पुसलं.

"झालं," ती म्हणाली. "लेकीचं पानी पोचलं. धुळाप्पा, तू साक्षीला हाईस. आता म्या कवाबी मरंन, सोमवारी मरंन, आमुश्येला मरंन. उचलायची आन घालवायची. ह्या पोरीला फोन करा, न्हाय तर करू नका. आली तर तिला भाकरी वाडा. न्हाय आली तर तिचं नाव काडायचं न्हाय. ज्यो काडंल त्येला म्या भूत हुऊन धरंन."

"असं कुटं असतंय व्हय वैनी?"

"कालपातुर नव्हतं. आजपासनं हाय."

"भावकी मान्य करायची न्हाय."

"भावकीला मरायचं असंल तर तिनं तिच्या नियमानं मरावं. म्या माज्या नियमानं मरनार." आणि मग माउलीकडं वळून, "बाळा, भात झाला असंल तर वाड. का आनखी एकदा टाकतोस?"

धुळाप्पा त्या रात्री जेवला का, यावर दोन मतं आहेत. माउली जेवले म्हणतो, धुळाप्पा नाही म्हणतो. सकाळी मात्र त्यानं विमानानं परत जायला साफ नकार दिला. दिवसभर तीन गाड्या बदलून तो एकटाच वाडीला पोचला आणि पोचल्या पोचल्या जाहीर केलं, की तानाबाई अट हरली आहे, म्हणून पहिली हळद तो लावणार नाही. ते खरंच होतं. तानाबाईनंही ते कधी नाकारलं नाही. ज्यानं विचारलं त्याला ती स्वतःच सांगे, "हारले की. त्येचा आन लगनाचा काय संबंद?"

लग्न मार्गशीर्षात झालं, वाडीतच, बिरोबाच्या देवळापुढं. बिरुदेव म्हणत होता सोलापुरात हॉल घेऊ, उगाच तोंडावर तोंड नको. तानाबाई म्हणाली, तोंडावरच करायचं. हळदीच्या सकाळी पाट मांडला, सुकन्या बसली, आणि पहिला हात कुणाचा म्हणून बायका एकमेकींकडं बघू लागल्या. तानाबाई पुढं आली. एक म्हातारी चाचरत म्हणाली, की विधवेच्या हातची कशी चालेल.

"मेंढराच्या जकमेला ह्याच हातानं हळद लावली," तानाबाई म्हणाली. "एकाबी मेंढरानं इचारलं न्हाय." आणि सुकन्येच्या दोन्ही गालांना हळद लावून मोकळी झाली.

भावकी निम्मीअधिक आली. तरण्या पोरांना विमानाची हकीकत ऐकायची होती, बायकांना घोंगड्याची. दोन सुनांनी, ज्यांची माहेरं अकलूजकडं होती, तानाबाईला बाजूला घेऊन विचारलं, की ते पाणी आम्हालाही आमच्या आयांना आत्ताच पाजून ठेवता येईल का. तानाबाईनं सांगितलं, पाजा, पण थंडगार पाजा, म्हाताऱ्यांना तेवढंच बरं वाटतं.

धुळाप्पा अक्षता पडेपर्यंत आला नाही. तो मांडवाच्या कडेला दिसला तेव्हा वाजंत्रीवाले विड्या ओढत बसले होते आणि पंगत मांडली जात होती. फेटा नीट बांधलेला. हातात अक्षता होत्या, त्या टाकायच्या राहून गेलेल्या. तो तसाच उभा राहिला. कुणी बोलवावं अशी अपेक्षा असणार, पण कुणी बोलवलं नाही.

तानाबाई भाताचं टोपलं कमरेवर घेऊन त्याच्या अंगावरूनच निघाली.

"वैनी, उशीर झाला मला," तो म्हणाला.

"झाला की," तानाबाई म्हणाली. "आमी कुनासाटी थांबलो न्हाय. जा, पंगतीला बस."

धुळाप्पा जाऊन रांगेच्या टोकाला बसला. ती थांबली नाही. जतकडच्या पाहुण्यांना भात कमी पडत होता.